वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं? आधी दोरी कुठे ते सांगा

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. बरंचसं बोललोय तसंच ठेवलंय. 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे बघा' तेवढे कापलेत आणि आकडे नीट लिहिलेत, कारण ऐकताना आकडे निसटतात.

आजचा विषय आहे घरात धुण्याची जागा कुठे करायची. हसू नका. घराचा नकाशा हातात आला की सगळे टीव्हीच्या भिंतीवर आणि किचनच्या ओट्यावर तासन्‌तास बोलतात. धुण्याची जागा मात्र उरलेल्या कोपऱ्यात. तिथे बारीक अक्षरात 'वॉश' लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. आणि त्याच कोपऱ्यात घरातलं एक माणूस, बहुतेक घरांत आईच, पुढची वीस वर्षं रोज उभं राहणार असतं.

आमच्याकडे हा विषय सध्या ताजा आहे. कराडला जुनं कौलारू घर पाडून तळमजला अधिक एक असं बांधकाम चालू आहे. राहणार चौघं: आई, बाबा, आजी आणि वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ. मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे साइटवर माझं योगदान मुख्यतः व्हॉट्सॲपवर नकाशा झूम करून शंका काढणं इतकंच. पण या 'वॉश'वरून घरात चांगले पंधरा दिवस चर्चा झाली आणि त्यात जे कळलं ते इतकं उपयोगाचं वाटलं की म्हटलं एपिसोडच करू.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मशीन कुठे ठेवायचं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: कपडे वाळणार कुठे, आणि ओले कपडे तिथपर्यंत उचलून नेणार कोण?

ओल्या बादलीचं वजन

धुण्याचा प्रवास बघा. मळके कपडे बाथरूमपाशी किंवा खोलीत पडतात. तिथून मशीन. मशीनमधून दोरी. दोरीवरून घडी आणि घडी परत कपाटात. चार टप्पे. यातला सगळ्यात जड टप्पा मशीन ते दोरी. पाच किलो सुती कपडे मशीनने १००० ते १२०० आरपीएमला पिळून काढले तरी त्यांत अडीच ते तीन किलो पाणी राहतं. म्हणजे बाहेर येते आठ किलोची बादली. टॉप लोडचं पिळणं यापेक्षा कमी वेगाचं असतं, तिथे अजून जड. आणि हाताने पिळलेले चादरींचे पिळे उचलले असतील त्यांना वेगळं सांगायला नको.

आता लोक काय करतात? मशीनला नळ आणि ड्रेनेज जिथे सोयीचं तिथे मशीन ठेवतात, आणि दोरी जिथे ऊन तिथे बांधतात. दोन निर्णय दोन वेगवेगळ्या लोकांनी घेतलेले. मधलं अंतर बादली घेऊन तिसरंच माणूस चालतं.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा उपाय सरळ होता. गच्चीवर दोरी आहे ना, मग मशीनही गच्चीवर. "काकू, वर पत्र्याची शेड मारून देतो, घरात ओल नको न काय नको." पश्चिम महाराष्ट्रात नवीन बंगल्यांमध्ये हे खूप दिसतं. आणि वरवर बघता माझ्या नियमात ते बसतंही. ओल्या बादलीचं अंतर चार पावलं. मलाही पटायला लागलं होतं.

आईने एकच प्रश्न विचारला. "मग रोज जिना तुम्ही चढणार का?"

हिशोब करू. दहा फुटांचा मजला, सहा इंचांची पायरी, म्हणजे मजल्याला वीस पायऱ्या. गच्चीपर्यंत चाळीस. मळके कपडे घेऊन एकदा वर. मशीन संपलं की वाळत घालायला दुसऱ्यांदा. संध्याकाळी काढायला तिसऱ्यांदा. मशीन चालू असताना वरच बसून राहिलात तर एक फेरी वाचते, पण तेवढा तास आईला किचनमध्ये हवा असतो. तर १२० पायऱ्या चढ, १२० उतार. रोज सहा मजले चढून जाण्याइतकं. आईचे गुडघे आत्ताच दुखतात. आणि पावसाळ्यात गच्चीच्या ओल्या फरशीवर? आणि दहा वर्षांनी?

अर्थात भाऊ वर राहतो, तो चढेल की, असं बाबा म्हणाले. भाऊही हो म्हणाला. आई काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो. (एपिसोडमध्ये इथे मी हसलोय, पण मुद्दा गंभीर आहे. 'कोणीतरी करेल' यावर घराची रचना करायची नसते. जे माणूस आज करतंय त्याच्यावर करायची असते. भावाने खरंच केलं तर उत्तमच, तळमजल्यावरही करता येईल.)

गच्चीवर अजून दोन गोष्टी नडतात

पहिली, पाण्याचा दाब. हे गणित मला फार आवडलं. पाण्याची उंची दहा मीटर तर दाब साधारण एक बार. गच्चीवरची टाकी बहुतेक घरांत जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर असते, म्हणजे गच्चीच्या फरशीपासून अडीच मीटर वर. मशीनला पाणी जातं ते फरशीपासून साधारण एक मीटरवर. उरला दीड मीटर, वर टाकीतलं पाणी अर्धा मीटर धरा. एकूण दोन मीटर, म्हणजे ०.२ बार. बऱ्याच फ्रंट लोड मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो असं लिहिलेलं असतं. दाब कमी पडला की मशीन पाणी भरत बसतं आणि शेवटी एरर दाखवतं. मग प्रेशर पंप लावा, त्याला वीज द्या, त्याचा आवाज ऐका. तेच मशीन तळमजल्यावर ठेवलं तर दाब ०.८ बारच्या आसपास मिळतो, फुकट. इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर तुमच्याकडेही हीच अडचण असू शकते. मशीन घेण्याआधी पुस्तिकेतला हा एक आकडा बघा, आणि विक्रेत्याला विचारा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ही आर्किटेक्टच्याही आधी आमच्या प्लंबरने सांगितली. गच्चीचं पाणी ज्या पाइपने खाली येतं तो पावसाच्या पाण्याचा पाइप असतो. आमच्या नकाशात तो पाइप गाळणीच्या खड्ड्यातून बोअरवेलच्या पुनर्भरणाला जोडलाय. आता गच्चीवर मशीन लावून त्याचं पाणी त्याच पाइपात सोडलं तर? साबणाचं पाणी सरळ स्वतःच्या बोअरमध्ये. रोज. ते टाळायचं तर गच्चीपासून खालच्या ड्रेनेज चेंबरपर्यंत सांडपाण्याचा वेगळा पाइप आणावा लागतो. अशक्य काही नाही, पण कोणी तो नकाशात दाखवत नाही. 'शेड मारून देतो' या वाक्यात हा पाइप नसतो.

फ्लॅटमध्येही हे तपासा. हॉलच्या बाल्कनीची जाळी बऱ्याच ठिकाणी पावसाच्या लाइनला जोडलेली असते, ड्राय बाल्कनीची सांडपाण्याच्या लाइनला. दिसायला दोन्ही जाळ्या सारख्याच. ताबा मिळाल्यावर प्लंबरकडून किंवा सोसायटीच्या ड्रॉइंगवरून खात्री करून घ्या, मगच बाल्कनीत मशीन.

ऊन कुठल्या बाजूला?

गच्ची बाद झाल्यावर उरला तळमजला. दोन पर्याय होते: जिन्याखाली, किंवा किचनच्या मागच्या दाराबाहेर. त्याआधी दोरीचा प्रश्न सोडवायला हवा होता, आणि इथे थोडा भूगोल लागतो.

कराड साधारण सव्वासतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर. पॅरापेटसकट सात मीटर उंचीच्या घराची सावली तेव्हा उत्तरेकडे सहा मीटर, म्हणजे वीस फूट पडते. घराच्या उत्तरेला दहा फूट मोकळी जागा सोडली असेल तर तिथल्या दोरीला थंडीत दुपारचं ऊन लागतच नाही. मे ते जुलै सूर्य थोडा उत्तरेकडून जातो, तेव्हा उत्तरेलाही ऊन येतं. पण मे महिन्यात कपडे कुठेही वाळतात आणि जुलैत ऊनच नसतं. त्यामुळे उत्तर बाजू धुण्यासाठी जवळपास निरुपयोगी. पूर्व, दक्षिण, पश्चिम यांतली जी मोकळी असेल ती घ्या.

आमची मागची बाजू पूर्वेला निघाली. सकाळी आठ ते बारा ऊन. सकाळी धुणं होतं, त्यामुळे वेळही जुळते. तुमची दिशा काय ते मोबाइलच्या कंपासवर बघा, पण लोखंडी दारापासून आणि सळयांच्या ढिगापासून जरा लांब उभे राहून.

पाऊस, आणि बंद खोलीतलं पाणी

आता कराड काय, पुणे काय, कोकणात तर विचारूच नका, जून ते सप्टेंबर खरी परीक्षा. सगळीकडे चित्र एकच. बेडरूममध्ये स्टँड, पंखा पाचवर, खिडक्या बंद कारण पाऊस आत येतो. आणि दोन दिवसांनी टी-शर्टला तो कुबट वास.

हे का होतं ते मी एकदा कागदावर मांडलं. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे अख्ख्या खोलीची हवा अगदी कोरडी असती तरी तिच्यात मावलं असतं साधारण ९०० ग्रॅम पाणी. पावसाळ्यात ती हवा आधीच ८५ टक्के भरलेली असते. उरलेली जागा दीडशे ग्रॅमच्या आसपास. आणि स्टँडवर आपण लटकवलंय अडीच-तीन लिटर!

बंद खोलीत ते पाणी जाणार कुठे? भिंतीत, गादीत, कपाटाच्या मागच्या प्लायवूडमध्ये. पंखा फक्त तीच हवा गोल फिरवतो. हवा बाहेर जायला वाट हवी, समोरासमोर खिडकी किंवा एक साधा एक्झॉस्ट फॅन. आजीला दमा आहे, त्यामुळे भिंतीवरची बुरशी हा आमच्याकडे दिसण्याचा प्रश्न नाही.

म्हणून पावसाळ्याची दोरी घराच्या आत नको, पण छपराखाली हवी. आम्ही किचनच्या मागे भिंतीला लागून पाच फुटांचं छप्पर काढतोय. बाजू उघड्या, वर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट, खाली पुलीचा हँगर. पुलीने दांड्या खाली घेऊन कपडे घालायचे आणि वर ओढायचे, म्हणजे हात वर करून टाचा उंचावणं नाही. भिंतीवर एक पंखा. पावसाळ्यात वेळ लागेलच, पण ओल घराबाहेर राहील.

मग मशीन

एवढं ठरल्यावर मशीनची जागा आपोआप ठरली: त्याच छपराच्या आतल्या टोकाला, मागच्या दाराशेजारी, भिंतीच्या आडोशाला. जिन्याखालची जागा बाद, कारण तिथून दोरीपर्यंत हॉल आणि किचन ओलांडत, फरशीवर पाणी ठिबकवत जावं लागलं असतं. घरात ऐंशीच्या आसपासची व्यक्ती चालत असेल तर हा एकच मुद्दा पुरे.

इथे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनशी आधी बोलायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मी महत्त्वाच्या तेवढ्या सांगतो. फ्रंट लोडचा हीटर साधारण २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टला जवळपास नऊ अँपिअर. त्यामुळे सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून चालवायचं नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पाणी आणि वीज शेजारी असताना ही शेवटची गोष्ट जीव वाचवणारी आहे, तिथे पैसे वाचवू नका.

ड्रेन पाइपचं तोंड जमिनीवर पडलेलं नको. बहुतेक फ्रंट लोडना ते फरशीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर वर अडकवायचं असतं. खाली सोडलं तर सायफन होतो, मशीन वरून भरतंय आणि खालून रिकामं होतंय, आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं. काही टॉप लोडना उलट पाइप खालीच लागतो. म्हणून मॉडेल ठरवा, मग पाइपची उंची ठरवा. आणि पाणी सोडताना मशीन मिनिटाला पंधरा-वीस लिटर एकदम फेकतं. नहाणी ट्रॅपमध्ये केस आणि पालापाचोळा अडकला असेल तर ते सगळं पाणी बाहेर. फरशीला ढाळ ट्रॅपच्या दिशेने, आणि ती जागा किचनच्या फरशीपेक्षा दोन इंच खाली.

मशीनशेजारी एक मोरी ठेवलीय, आणि ही आईची अट होती. माझं मत होतं मशीन असताना दगड कशाला. पण कॉलर घासणं, आजीची सुती नऊवारी, फडकी, पायपुसणी, हे हातानेच होतं आणि होत राहणार. जुन्या घरात आई उकिडवी बसून धुवायची. नवीन घरात दगड अडीच फूट उंच ओट्यावर आहे, उभ्याने घासता येईल असा. संपूर्ण घरातला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगला बदल.

फ्लॅटवाल्यांसाठी

मोकळी जागा नाही, परसदार नाही, असे आपण बहुतेक जण. पुण्यात बहुधा किचनला लागून ड्राय बाल्कनी मिळते. माझं मत तिच्याच बाजूने आहे. नळ आहे, ड्रेनेज आहे, हवा आहे. अडचण एवढीच की तिथेच सिंक, तिथेच भांडी, तिथेच सिलिंडर आणि रद्दी. मशीन ठेवल्यावर वर पुलीचा हँगर बसतो का बघा. बसत असेल तर मशीन ते दोरी अंतर शून्य. रद्दी दुसरीकडे न्या.

मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये मशीन ठेवणाऱ्यांना एक प्रश्न: सकाळी साडेसातला मावशी धुण्याला येतात तेव्हा त्या खोलीत कोण झोपलेलं असतं? मावशी दाराबाहेर थांबतात, मग 'उद्या लावू', मग रविवारी डोंगर. सगळ्यांच्या बाथरूममध्ये ठेवलं तर सकाळी आंघोळीच्या रांगेशी भांडण. शिवाय आंघोळीचं पाणी मशीनवर उडतं, स्टँड गंजतो. दुसरा मार्गच नसेल तर ठेवा, पण सॉकेट बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर घ्या.

आणि फ्रंट लोड मशीन ६०-७० किलोचं असतं. ते एकदा बसलं की 'नंतर हलवू' होत नाही. नवीन मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना, तेही बघा. नाहीतर पहिल्याच स्पिनला खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.

बांधकाम चालू असेल तर हे सगळं प्लंबिंगचे पाइप भिंतीत जाण्याआधी ठरवायचं असतं. आम्ही काय केलं ते सांगतो, तुम्हीही करू शकता. विटकाम झाल्यावर साइटवर खडूने दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन काढला. हे मशीन. फ्रंट लोड असेल तर पुढे अजून तीन फूट मोकळे, दार उघडायला आणि माणूस वाकायला. छपराच्या जागी दोन बांबूंमध्ये दोरी बांधली. आईच्या हातात अर्धी भरलेली बादली दिली आणि म्हटलं, चालून बघ. तिने दोन चकरा मारल्या आणि चौकोन एक फूट डावीकडे सरकवायला लावला, कारण मागचं दार उघडलं की ते बादलीला लागत होतं. ते आर्किटेक्टला, मला, कोणालाच नकाशात दिसलं नव्हतं. प्लंबरने तिथल्या तिथे भिंतीवर नवीन खूण केली.